पाण्यातला मासा आणि पाण्यावरचा हक्क

मालवण तालुक्यातला धामापूर तलाव 1530 साली नागेश देसाई यांनी बांधला, असे सांगतात. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. प्रमुखाचे नाव राहिले. माती वाहणाऱ्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत.

त्याच वर्षी याच सिंधुदुर्गात, आंबोलीला, हिरण्यकेशीच्या उगमावर ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नव्या माशाची नोंद झाली. 2021 मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आम्ही याचे स्वागतच करतो. पण आमचा प्रश्न जुनाच आहे : पाण्याचा निर्णय कोण घेणार?

कारण याच कोकणात महाडचे चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्येच मंजूर झाला होता. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जनावराच्या तोंडाने न बाटणारे तळे माणसाच्या ओंजळीने बाटले, म्हणून सनातन्यांनी त्याचे शुद्धीकरण केले! हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडले. ठराव कागदावर होता, हक्क लढून मिळाला.

आज पुन्हा कागद तयार आहेत. डिसेंबर 2022 च्या कुनमिंग-माँट्रियल करारानुसार 2030 पर्यंत जगातली 30 टक्के जमीन, गोडे पाणी आणि समुद्र यांचे संवर्धन करायचे आहे, तेही स्थानिक समूहांचे हक्क राखून. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणली. 2004 च्या नियमांनी तिच्यात एक तृतीयांश महिला आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य सांगितले. गावाच्या ओढ्या-तळ्यांतल्या जिवांची नोंदवही हीच समिती करते.

काही तरुण विचारतील, माशांशी आपला काय संबंध? ओढा आटला, नासला, की ज्याच्या दारात स्वतःची विहीर नाही त्याचे घर आधी तहानते. मासा मरतो ते पाणी आपल्यालाही मारते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत विचारा : आमच्या गावची समिती कुठे आहे? तिच्यात आपले कोण आहे? नोंदवही कोणाला विचारून लिहिली? ओंजळभर पाण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी डोकी फोडून घेतली. त्या पाण्याचा कारभार आपण दुसऱ्यांवर सोडायचा नाही.

जय भीम!