एक मिलिमीटरचं म्हातारपण

मायकेल क्लासला जे सापडलं, ते त्याला स्वतःलाच फारसं विशेष वाटलं नाही.

अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात हा माणूस एक मिलिमीटर लांबीचे कृमी पाळायचा आणि ते म्हातारे होऊन मरेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचा. या कामात एक भलतीच घरगुती अडचण होती. हा कृमी अंड्यातून निघाल्यावर तीन-साडेतीन दिवसांत स्वतः अंडी घालू लागतो आणि एकेका आईला तीनेकशे पोरं होतात. आठवड्याभरात बशीत आजी कोण आणि नातवंडं कोण, याचा पत्ता लागत नाही. म्हणून क्लासने असा वाण घेतला जो तापमान वाढवलं की वांझ होतो. मग रसायन देऊन जनुकांत बिघाड घडवायचा, हजारो वंश वेगवेगळे वाढवायचे आणि बाकीचे मेल्यावरही कोण वळवळतंय ते बघायचं. १९८३ साली त्याने निकाल छापला. जास्त जगणारे आठ वाण सापडले होते, पण त्यातले बहुतेक धड खातच नव्हते. अर्धपोटी उंदीर जास्त जगतात हे १९३०च्या दशकापासून माहीत होतं, मग यात नवीन काय? क्लासने लिहिलं की आयुष्य ठरवणारी खास जनुकं फारच दुर्मीळ असावीत, किंवा पुष्कळ जनुकांचा तो सामायिक कारभार असावा. नंतर तो औषध कंपनीत नोकरीला गेला. वाण त्याने थॉमस जॉन्सन या जुन्या सहकाऱ्याकडे सोपवले.

त्या आठांपैकी काहींची गोष्ट तिथे संपली नाही. पण आधी हा कृमी प्रयोगशाळेत आला कसा, ते सांगायला हवं.

डाळिंबाच्या नाहीतर टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक असतात. सी. एलेगन्स हा त्यांचाच एक निरुपद्रवी भाऊबंद. कुजक्या फळांत आणि पाचोळ्यात राहतो, जिवाणू खातो, दोन-तीन आठवड्यांत मरतो. १९६३च्या जूनमध्ये केंब्रिजमधल्या सिडनी ब्रेनरने आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाला, मॅक्स पेरुट्झला, पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा : रेणूंच्या पातळीवरच्या जीवशास्त्रातले जुने मोठे प्रश्न सुटलेत किंवा सुटत आलेत, आता शरीर कसं घडतं आणि मज्जासंस्था कशी चालते याकडे वळू या. त्यासाठी ब्रेनरला असा प्राणी हवा होता ज्याच्या पेशी अक्षरशः मोजता येतील. पुढे त्याने निवडलेला वाण ब्रिस्टलजवळच्या अळिंबीच्या खतातून आला होता. पूर्ण वाढलेल्या या कृमीच्या शरीरात, प्रजननपेशी वगळून, ९५९ पेशी असतात. त्यातल्या ३०२ चेतापेशी. आणि कृमी काचेसारखा पारदर्शक, म्हणजे आत काय चाललंय ते न कापता दिसतं. जॉन सल्स्टनने सुमारे दीड वर्ष, रोज चार-चार तासांच्या दोन बैठकी मारून, भ्रूणाची एकेक पेशी कुठून आली आणि कुठे गेली याची वंशावळ डोळ्यांनी बघून काढली. (सध्याच्या ‘फोकस’ वाढवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी हा माणूस लक्षात ठेवावा.) त्याला, ब्रेनरला आणि रॉबर्ट हॉर्विट्झला मिळून २००२चं नोबेल मिळालं.

ही मंडळी मुख्यतः जन्माच्या बाजूने बघत होती. म्हातारपणाकडे बघणारे थोडे, आणि त्यांना फारशी प्रतिष्ठाही नव्हती. शरीर म्हणजे यंत्र, यंत्र झिजतं, झिजण्यात शोधण्यासारखं काय आहे, असा एकूण सूर होता.

१९८८ साली डेव्हिड फ्रीडमन हा विद्यार्थी आणि जॉन्सन यांनी क्लासच्या वाणांवरचं काम छापलं. त्यात त्यांनी दाखवलं की दीर्घायुष्याला एकच जनुक पुरतं. त्याचं नाव ठेवलं ‘एज-१’. २५ अंश तापमानाला त्या कृमींचं सरासरी आयुष्य ६५ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि त्याचं कारण उपासमार नव्हतं. तरी बऱ्याच जणांनी खांदे उडवले. मग १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केनयनने दुसरं जनुक पुढे आणलं, ‘डॅफ-२’. अन्न कमी पडलं किंवा गर्दी झाली की या कृमीचं पिल्लू वाढ थांबवून एका कणखर, न खाणाऱ्या अवस्थेत जातं आणि महिनोन्‌महिने तग धरतं. तिकडे जायचं की नाही, हे ठरवण्यात डॅफ-२चा हात असतो. केनयनने बिघडलेल्या डॅफ-२चे कृमी ती अवस्था टाळून मोठे होऊ दिले. ते नेहमीच्या दुपटीहून जास्त जगले, आणि नुसते खाटेवर पडून नव्हे, हिंडतफिरत. १९९७मध्ये कळलं की हे जनुक आपल्या शरीरातल्या इन्सुलिनच्या ग्राहीचं नातेवाईक आहे. क्लासला दुर्लक्ष करण्याजोगं वाटलेलं एज-१सुद्धा त्याच साखळीतली कडी निघालं. म्हणजे शरीर नुसतं झिजत नाही. किती डागडुजी करायची याचा हिशोब आतून कुणीतरी ठेवत असतं.

इन्सुलिनची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. मायटोकॉन्ड्रियाची अजिबात नाही, आणि मला तीच जास्त आवडते.

शाळेच्या पुस्तकात आपण मायटोकॉन्ड्रियाला ‘तंतुकणिका’ म्हणून, पेशीचं वीजघर म्हणून पाठ केलं. १९५६ साली डेन्हॅम हार्मनने मांडलं की पेशी ऑक्सिजन वापरताना विध्वंसक मुक्त कण तयार होतात आणि त्यांनी हळूहळू केलेली नासधूस म्हणजेच म्हातारपण. हार्मन आधी तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होता, त्यामुळे जळणं-गंजणं ही भाषा त्याला जवळची असणार. १९७२मध्ये त्याने बोट थेट मायटोकॉन्ड्रियावर ठेवलं. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की तिच्यातून बाजारपेठ उभी राहिली. तुमच्या फोनवर ग्रीन टीपासून फेसक्रीमपर्यंत ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून जे काही विकायला येतं, त्या सगळ्याच्या मागे हार्मनची सावली आहे.

सुरुवातीला कृमींनीही त्याला साथ दिली. २००१ साली कॅनडात झीग्फ्रीड हेकिमीच्या गटाला मायटोकॉन्ड्रियात बिघाड असलेला एक वाण मिळाला. श्वसन मंद, आयुष्य लांब. कमी जाळ, कमी धूर, झालं. पण लगेच पुढच्या वर्षी केनयनच्या प्रयोगशाळेतून विचित्र बातमी आली. मायटोकॉन्ड्रियाचं काम वाढीच्या वयात मंदावलं तर आयुष्य वाढतं. तेच प्रौढपणी मंदावलं तर कृमी सुस्तावतो, पण एक दिवसही जास्त जगत नाही. धूरच मारत असेल तर तो कधी कमी केला याने इतका फरक का पडावा? २००७मध्ये जर्मनीत मिखाएल रिस्टोच्या गटाने कृमींना ग्लुकोज वापरू दिलं नाही. मायटोकॉन्ड्रियाचं काम वाढलं, मुक्त कण वाढले, आणि आयुष्यही वाढलं. वर अँटिऑक्सिडंट दिल्यावर मिळालेला फायदा नाहीसा झाला. २००९मध्ये हेकिमी आणि जेरेमी व्हॅन राम्सडोंक यांनी मायटोकॉन्ड्रियातलं मुक्त कण निकामी करणारं विकरच काढून टाकलं. कृमी लवकर मरायला हवे होते. ते जास्त जगले.

थोडा धूर हा पेशीसाठी इशारा असतो, तो मिळाला की ती दुरुस्तीला लागते, असं आता बरेच जण मानतात. हा केवळ कृमींचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येत नाही. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल १९९४ साली आले होते. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गोळ्या मात्र आजही विकल्या जातात.

आता मेंदूकडे. हंटिंग्टनच्या आजारात एका प्रथिनात ग्लुटामाइनची माळ वाजवीपेक्षा लांब होते. साधारण ४०च्या पुढे गेली की आजार. दोष जन्मापासून असतो, मग लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर का? २००२ साली रिचर्ड मोरिमोटोच्या गटाने वेगवेगळ्या लांबीच्या अशा माळांना चमकणारं प्रथिन जोडून त्या कृमीच्या स्नायूंत घातल्या. कृमी तरुण असताना चमक सगळीकडे सारखी. वय वाढलं तशा ३५ ते ४० लांबीच्या माळांच्या गुठळ्या होऊ लागल्या आणि कृमी लुळे पडू लागले. मग हाच प्रयोग त्यांनी क्लासकडून आलेल्या एज-१च्या कृमींत केला. गुठळ्या उशिरा झाल्या. तेच प्रथिन, तेवढीच माळ. फक्त म्हातारपण पुढे ढकललेलं. अल्झायमरशी निगडित प्रथिनाबद्दल अँड्र्यू डिलिनच्या गटाला २००६मध्ये डॅफ-२कडून असंच उत्तर मिळालं. वय हे या आजारांच्या यादीतलं नुसतं एक कारण नाही. ते ज्या जमिनीत रुजतात ती जमीनच वय आहे.

यातून उद्या गोळी येईल असं समजू नका. कृमीत जे दुप्पट होतं, ते उंदरात अगदी थोडं उरतं. माणसात तर इन्सुलिनचा निरोप पेशींनी ऐकला नाही की दीर्घायुष्य मिळत नाही, मधुमेह होतो. पार्किन्सन्समध्ये ज्या डोपामिनच्या पेशी मरतात, त्या कृमीच्या अंगात जेमतेम आठ, आणि त्या आजाराच्या गुठळ्यांत सापडणारं अल्फा-सिन्युक्लिन कृमीकडे मुळात नाहीच, ते माणसाचं उसनं घालावं लागतं. पण खराब मायटोकॉन्ड्रिया वेचून मोडीत काढणारी यंत्रणा दोघांकडे आहे, आणि ती बिघडल्यामुळे काही घराण्यांत पार्किन्सन्स लवकर येतो.

चेतापेशीपुढे आणखी एक अडचण असते. तिची शेपटी लांबलचक, तेव्हा मायटोकॉन्ड्रिया टोकापर्यंत वाहून न्यावे लागतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट हीच मालवाहतूक या कृमींत बघतो. पूर्वी कृमी स्थिर राहावा म्हणून त्याला भूल द्यावी लागे, आणि भुलीत वाहतूकही मंदावते. कौशिका आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये त्यावर उपाय छापला : लवचीक पदार्थाचा एक छोटासा सापळा, वरून पातळ पडदा. पडद्यावर हवेचा दाब दिला की तो खाली वाकून कृमीला हलकेच धरून ठेवतो. मग सूक्ष्मदर्शकातून, जिवंत आणि जाग्या कृमीच्या आत, चमकणारे ठिपके एका बारीक रेषेवरून पुढे जाताना दिसतात, काही थांबतात, काही मागे फिरतात. बघून झालं की दाब कमी करायचा, पडदा उचलला जातो आणि कृमी पुन्हा वळवळू लागतो.