टायव्ही नदीवरील टोपलीच्या नावा

हंपीच्या परिसरात ज्यांनी तुंगभद्रा ओलांडली असेल, त्यांना कळकाची ती वाटोळी, टोपलीसारखी नाव आठवत असेल. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात. सोळाव्या शतकात विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने तिचे वर्णन केले आहे. आणि १८०३ च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने दक्षिणेतील नद्या ओलांडण्यासाठी अशाच कातडे मढवलेल्या टोपल्या तयार करवून घेतल्या होत्या. वेलस्लीच्या स्वतःच्या देशातही ही नाव होती. मात्र ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स प्रांतात ती उताऱ्यासाठी नव्हे, तर मुख्यतः सॅमन मासा धरण्यासाठी वापरली जाई.

इंग्रजीत तिला कॉरकल म्हणतात. ज्यूलियस सीझरने ती ब्रिटनमध्ये पाहिली आणि इ. स. पूर्व ४९ मध्ये स्पेनमधील मोहिमेत, पुराने पूल वाहून गेले तेव्हा, तशाच नावा बांधून सैन्य नदीपार नेले. पुढे ११८८ मध्ये गेराल्ड नावाचा धर्मोपदेशक वेल्समधून फिरला. टायव्ही नदीवरील केनार्थच्या धबधब्याशी त्याने विपुल सॅमन पाहिले. कोळी आपली नाव खांद्यावर टाकून नदीपर्यंत चालत जातात, याचे त्याला मोठे नवल वाटले. नावेत पडलेल्या सॅमनने शेपटीचा जोरदार तडाखा दिला, तर नाव आणि नावाडी दोघेही संकटात येतात, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

या मासेमारीची रीत मोठी कौशल्याची आहे. दोन नावा प्रवाहाबरोबर शेजारीशेजारी वाहत जातात आणि दोहोंच्या मध्ये एक जाळे तरंगत असते. प्रत्येक नावेत एकच माणूस. एका हाताने तो वल्हे चालवतो. दुसऱ्या हातात जाळ्याची दोरी. जाळ्याला माशाची धडक बसली, की दोरीतून ती हाताला कळते. तत्क्षणी दोन्ही नावा एकत्र येतात आणि जाळे मिटते. मग लाकडी सोट्याचा एक घाव. उजेडात माशाला जाळे दिसते, म्हणून टौवी नदीवर हे काम रात्री चाले. काळोखात, वाहत्या पाण्यात, दोन माणसांनी न बोलता एकमेकांची चाल ओळखायची, हे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे हातानेच जाणारे ज्ञान आहे. कातड्याच्या जागी पुढे डांबर चोपडलेले कापड आले. रीत मात्र पालटली नाही.

सॅमन आणि समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट, ज्याला वेल्समध्ये स्यूइन म्हणतात, हे दोन्ही मासे अंडी घालण्यासाठी नदीच्या उगमाकडे जातात. साहजिकच खालच्या पात्रात धरलेला प्रत्येक मासा वरच्या पात्रातील जमीनदाराच्या गळास मिळत नसे. एकोणिसाव्या शतकात गळाने सॅमन धरणे हा श्रीमंतांचा छंद झाला, तशी जाळेवाल्यांविरुद्ध ओरड वाढली. १८६१ आणि १८६५ च्या कायद्यांनी मासेमारीवर देखरेख व परवाने आले. मासा टिकला पाहिजे, हे खरेच होते. परंतु नियमांचा भार पोटासाठी जाळे टाकणाऱ्यावर अधिक पडला, हेही नाकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात टायव्हीच्या गोड्या पाण्यात नवे परवाने देणे बंद झाले. जुने परवानेधारक वारले, तसतशी गेराल्डने पाहिलेल्या केनार्थची जाळी उठली. भरतीचे पाणी पोचते त्या खालच्या पात्रात मोजके परवाने तेवढे राहिले.

त्यानंतर मासाच आटला. वेल्समधील नद्यांत सॅमनची संख्या इतकी घसरली, की १ जानेवारी २०२० पासून गळाने धरलेला असो वा जाळ्यात सापडलेला, प्रत्येक सॅमन जिवंत पाण्यात सोडणे सक्तीचे झाले. या नियमाची मुदत दहा वर्षांची ठरली. नावाड्याला स्यूइन ठेवता येतो. जाळ्यात सॅमन आलाच, तर सोटा बाजूला ठेवून, अंधारात हाताने चाचपून, त्याची जाळ्यातून सुटका करावी लागते.