‘शेख’मधला ‘श’ कुठे गेला?

प्रतापगडच्या डोंगरावर लिहिलेला एक छोटा धडा मला आवाजाच्या रूपात हवा होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा डोंगर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. महाशिवरात्रीला इथे महादेवाची यात्रा भरते आणि इथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. धडा हवा होता नववीतल्या एका मुलीसाठी. तिला दिसत नाही, घरी वाचून दाखवणारं कुणी नाही आणि परीक्षा जवळ आली होती. त्या आठवड्यात माझा घसा बसला होता, म्हणून संगणकाकडून वाचून घ्यायचं ठरवलं.

संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून मी तो आवाज दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड केला. ऐकतो तर शब्दांच्या मागे ‘घूंऽऽ’ अशी घरघर आणि वर बारीक ‘स्स्स’. घरघरीचं कारण लवकर सापडलं. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती थांबायची. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. तोच हेलकावा चार्जरमार्गे वायरीत शिरत होता. बॅटरीवर रेकॉर्ड केलं आणि काम झालं.

सुस्कारा मात्र राहिला. एका सॉफ्टवेअरमध्ये ‘गोंगाट काढा’ अशी सोय होती. गोंगाटाचा नमुना म्हणून आवाजाचा एक तुकडा निवडायचा, मग तसला आवाज सगळीकडून पुसला जातो. मी निवडला. ध्वनिफीत अगदी स्वच्छ झाली. मुलीने दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाली, “सर, ‘शेख’चा ‘श’ कुठं गेला? अन् ‘ख’ पण ‘क’ झाला.”

माझी चूक अशी, की निवडलेल्या तुकड्यात एका शब्दाच्या शेवटचा ‘स’ आला होता. सॉफ्टवेअरने इमानदारीने ‘स’च्या जातीचं सगळं पुसलं. पण त्या मुलीच्या प्रश्नाने मी वेगळ्याच इतिहासात शिरलो. ‘श’, ‘स’, ‘फ’ हे आवाज मुळात आहेत तरी काय? घशातला पडदा थरथरत नाही, हवा फक्त फटीतून घासत जाते. म्हणजे तो गोंगाटच, फक्त भाषेने कामाला लावलेला.

बोलकं यंत्र बनवणाऱ्या सगळ्यांना हे आधी कळावं लागलं. वोल्फगांग फॉन केम्पेलेनने 1791 साली आपल्या बोलक्या यंत्रावर ग्रंथ छापला. भाता म्हणजे फुफ्फुसं, पीपाणीसारखी पट्टी म्हणजे कंठ. पण ‘स’ आणि ‘श’साठी त्याला निराळ्या कळा बसवाव्या लागल्या. 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेचा ‘व्होडर’ बोलला. होमर डडली यांच्या या यंत्रात दोनच मूळ आवाज होते, एक गुणगुण आणि एक सुस्कारा. मनगटाखालच्या पट्टीने एकातून दुसऱ्यात जायचं, बोटांनी त्याला आकार द्यायचा आणि पायाने स्वराची उंची बदलायची. ते चालवायला मुलींना सुमारे वर्षभर सराव लागे. आपण ‘शेख’ म्हणताना हे सगळं विनासायास करतो.

जोनाथन डडिंग्टन यांनी 1995 मध्ये एका छोट्या संगणकासाठी जो कार्यक्रम लिहिला, त्यातून पुढे ‘ईस्पीक’ उभा राहिला. अंध वाचकांच्या अनेक संगणकांवर आज तो बोलतो. मराठी आणि उर्दूही वाचतो. त्यात स्वर गणिताने तयार होतात, पण ‘स’सारखे अघोष आवाज रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवरून वाजवले जातात. केम्पेलेनच्या निराळ्या कळाच म्हणा.

आणि यंत्रांच्याही कितीतरी आधी? आठव्या शतकात बसऱ्याला शिकलेल्या सीबवैहि या इराणी विद्वानाने अरबी व्याकरण लिहिताना अक्षरं ‘मजहूर’ आणि ‘महमूस’ अशी विभागली. ‘हम्स’ म्हणजे कुजबुज. शीन, सीन, ख़े, फे, सुआद अशी दहा अक्षरं कुजबुजीच्या रांगेत बसली. तजवीद शिकवणारे उस्ताद आजही ही दहा पाठ करून घेतात. लहानपणी मीही केली, अर्थ न कळता. ही विभागणी आजच्या घोष-अघोषाशी तंतोतंत जुळत नाही (क़ाफ मजहूरमध्ये आहे), पण कान तोच आहे. वर्गात मराठीच्या तासाला मी कठोर-मृदू व्यंजनं शिकवतो आणि ‘श, ष, स’ना ऊष्मे म्हणतो. संस्कृत वैयाकरणांनी त्यासाठी श्वास आणि नाद असे शब्द वापरले होते. एकाच शिक्षकाच्या तोंडी दोन परंपरांचे शब्द, आणि हे दोघं एकच गोष्ट सांगताहेत हे मला कळलं चाळिशीनंतर, एका बिघडलेल्या ध्वनिफितीमुळे!

असो. धडा अजून पूर्ण व्हायचा होता. वायरीचा नाद सोडून मी संगणकाचा आवाज थेट फाइलमध्ये साठवला. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण फाइल दुसऱ्या मोबाइलवर वाजवली की लगेच कळतं: गोंगाट तिथेही असेल तर तो फाइलमध्ये आहे, नसेल तर वायरीत किंवा स्पीकरमध्ये. सुस्कारा गेला. पण मोबाइलवर पाठवायला हलकी व्हावी म्हणून मी सेकंदाला 8000 नमुन्यांवर फाइल उतरवली आणि ‘स’ पुन्हा मलूल झाला. अशा फाइलमध्ये 4000 हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही आणि ‘स’चा बराच जोर तर तिथेच असतो. जुन्या टेलिफोनवर ‘स’ की ‘फ’ असा घोळ व्हायचा तो याचमुळे. मी पुन्हा 22,050 वर आलो. वाक्यं जोडलेल्या ठिकाणी ‘टक’ असा आवाज येत होता. लहर शून्यावर असतानाच कापून जोडल्यावर तोही गेला.

शेवटची फीत मुलीने पूर्ण ऐकली. ‘शेख’ नीट आलं. मग म्हणाली, “सर, हा ‘ख्वाजा’मधला ‘व’ एवढा जोरात का म्हणतो? आमच्या घरी तर खाजाच म्हणतात.” उर्दूत त्या वावला ‘वाव-ए-मादूला’ म्हणतात, लिहायचा पण उच्चारायचा नाही. मी फाइल उघडली आणि त्या एका जागी ‘ख़ाजा’ टंकून पुन्हा वाचायला लावलं.