काळी मारबत आठवते, मागच्या वर्षीचा बडग्या आठवतो का?

माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. मित्रांसोबत टेबलाभोवती बसून, फासे टाकत राक्षसांशी लढायचा खेळ खेळतो. परवा म्हणाला, "काका, मला एक नवा राक्षस बनवायचाय. पोरांच्या डोक्यातून जायला नको." मी म्हटलं, "मग इतवारीत जा न बाबू. आपल्याकडे हेच काम १४० वर्षांपासून सुरू आहे."

नागपूरबाहेरच्या मित्रांसाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूचा सांगाडा, वर कागद आणि कापड. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते. रोगराई, इडापिडा घेऊन जा असं ओरडत लोक त्यांना गावाबाहेर काढतात आणि जाळतात. सोबत बडगे असतात : महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, कोरोना. त्या त्या वर्षाचा राग.

मी वर्षानुवर्षं ही मिरवणूक कव्हर करतोय. खरं सांगतो, पाच वर्षांपूर्वीचे बडगे आठवायला मला जुनी कात्रणं काढावी लागतात. काळी मारबत मात्र शाळकरी पोरगंही ओळखते. असं काऊन?

उत्तर पुतण्याच्याच खेळात सापडलं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स हा त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक. स्वस्तातलं एक प्लास्टिकचं खेळणं पाहून त्यानं 'रस्ट मॉन्स्टर' घडवला. दिसायला अगदी हास्यास्पद किडा. पण तो जीव घेत नाही, तलवार आणि चिलखत गंजवून खाऊन टाकतो. ज्याच्या भरवशावर लढायचं, तेच जातं. म्हणून भलेभले खेळाडू त्याला घाबरतात. राक्षस थोबाडामुळं नाही, तो काय हिरावतो त्यामुळं ध्यानात राहतो.

काळ्या मारबतीचंही तेच. लोक तिला बांकाबाई भोसले मानतात. दुसऱ्या रघुजींच्या या राणीनं १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतली. आपल्याच घरातल्या बाईनं भरवसा मोडला, हा घाव लोक विसरले नाहीत.

पण तारखा लावून पाहा. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. १८५४ मध्ये डलहौसीनं वारस नाकारून नागपूरचं राज्य खालसा केलं. म्हणजे १८५७ उजाडलं तेव्हा राज्य आधीच गेलं होतं. इंग्रजांना साथ दिल्यावर दत्तक वारसाला 'देऊरचे राजाबहादूर' एवढी पदवी मिळाली, राज्य नाही. बांकाबाई १८५८ मध्ये गेल्या. मारबत त्यानंतर २३ वर्षांनी निघाली. साथ दिली ती चूकच. पण राज्य गिळलं डलहौसीनं, आणि त्याच्या नावाची मारबत नाही!

राक्षस ध्यानात राहणारा झाला, म्हणजे तो खरा झाला असं नाही. लांबच्या साहेबापेक्षा घरातली बाई जाळणं सोपं असते.

म्हणून बडगे बनवणाऱ्या मंडळांना एकच विनंती. यंदा कोणाचा चेहरा लावायचा हे ठरवण्याआधी विचारा, आपलं नेमकं गेलं काय? आणि नेलं कोणी?

तुमच्या वस्तीचा बडग्या कोणता असावा? सांगा.