चतुर्थीची मॅच

१६ सप्टेंबर १९९६, सोमवार, गणेश चतुर्थी. त्या रात्री आमच्या मालवणजवळच्या वाडीत भजनाला माणसंच नव्हती, ही आजीची तक्रार आजही ताजी आहे. पुरुष मंडळी काकांच्या घरी टीव्हीसमोर बसली होती म्हणे. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आजीची तारीख तपासावी म्हणून मी फोनवर स्कोअरकार्ड काढलं, तर आजी बरोबर! टोरंटोत भारत-पाकिस्तान सहारा कपची ती पहिली मॅच होती. कॅप्टन सचिन नाबाद ८९, आपण आठ विकेट्सनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला, दोन विकेट्सनी हरलो.

पण शेजाऱ्यांच्या मॅचसाठी कॅनडा कशाला? टोरंटोच्या त्या क्लबच्या नावात क्रिकेटसोबत स्केटिंग आणि कर्लिंगही आहे. त्याचं उत्तर मुंबईत सापडतं. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. सचिनने १९८९ला कराचीत पदार्पण केलं, त्या दौऱ्यानंतर दोघांपैकी कोणीच दुसऱ्याच्या घरी मालिका खेळायला गेलं नव्हतं. मग तिसऱ्याच्या अंगणात, साडेनऊ तास मागच्या घड्याळावर, दर सप्टेंबरला पाच वनडे. नाव काय, तर फ्रेंडशिप कप.

गंमत अशी की काका तेव्हा मुंबईत नोकरीला होते आणि खेळपट्टी उखडली त्याचा त्यांना आनंद झाला होता. तेच काका चाकरमानी म्हणून गावी येऊन पहाटेपर्यंत टोरंटो बघत होते. हे कसं काय, असं मी विचारलं.

“आपल्या मातीत नको, बाकी खंय पण खेळांदेत.”

मला हे पटत नाही. पण सगळी मालिका याच वाक्यावर उभी होती, हेही खरं.

मैत्रीचं म्हणाल तर १९९७ला इंझमाम बॅट घेऊन प्रेक्षकांत घुसला. भोंग्यावरून त्याला ‘आलू’ म्हणणारा एक जण तिथे होता. इंझमामवर दोन मॅचची बंदी आली. त्याच वर्षी गांगुलीने १६ धावांत पाच विकेट्स काढल्या. बॅट्समन म्हणून संघात आलेला माणूस! ती मालिका आपण ४-१ जिंकली. १९९६ त्यांची होती, ३-२. १९९८ही त्यांचीच, ४-१.

१९९९ला कारगिल झालं. सप्टेंबरात भारत टोरंटोला गेला, पण वेस्ट इंडिजशी खेळायला. पाकिस्तानही तिथेच वेस्ट इंडिजशी वेगळं खेळला. एकाच मैदानावर दोघे आले, पण समोरासमोर नाहीत. ते दिवसही चतुर्थीचेच होते. काकांनी टीव्ही लावलाच नाही. आजी सांगते, त्या वर्षी भजनाला बसायला पडवी पुरली नाही.