गल्प
गल्प : संकेतस्थळांच्या बांधणीतील कामे स्वयंचलित करणारे मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट साधन. एरिक शॉफस्टॉल यांनी ते २०१३ मध्ये तयार केले. ते व त्याचे प्लगइन एनपीएम या पॅकेज-व्यवस्थापकाद्वारे बसवतात. सॅस या शैलीभाषेचे सीएसएसमध्ये रूपांतर, जावास्क्रिप्टचे आकुंचन, चित्रांचा आकार कमी करणे अशी कामे प्लगइन करतात. फाइली नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या स्ट्रीममधून (विदाप्रवाहातून) एका प्लगइनकडून पुढच्याकडे जातात. मधल्या टप्प्यांवर त्या डिस्कवर लिहाव्या लागत नाहीत.

अद्ययावतीकरण : चौथ्या आवृत्तीत (२०१८) कामांचा क्रम ‘सीरीज’ व ‘पॅरलल’ या फलनांनी ठरवण्याची पद्धत आली; त्यामुळे जुन्या गल्पफाइली (कामांची व्याख्या असलेल्या फाइली) नव्याने लिहाव्या लागल्या. तिसरी आवृत्ती एका जुन्या अवलंबित पॅकेजमुळे नोड १२ वर मूळ रूपात चालत नाही. पाचवी आवृत्ती (२०२४) फाइलींचा मजकूर यूटीएफ-८ समजून वाचते. म्हणून चित्रे व फॉन्ट वाचताना ‘एन्कोडिंग’ हा पर्याय ‘फॉल्स’ ठेवावा लागतो, अन्यथा त्या फाइली बिघडतात. काही प्लगइनांच्या नव्या आवृत्त्या केवळ ईएस मॉड्यूल (जावास्क्रिप्टची प्रमाणित मॉड्यूल-पद्धत) स्वरूपात मिळतात. अशा बदलांमुळे गल्प अद्ययावत करताना लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) जपून एकेक पॅकेज बदलणे आणि प्रत्येक वेळी आधीचे व नंतरचे फलित ताडून पाहणे हितावह ठरते.