फेज-लॉक्ड लूप : नैसर्गिक कंप्रता व स्थैर्य

फेज-लॉक्ड लूप (पीएलएल) हे दोलकाची कला बाहेरून येणाऱ्या संदर्भ संकेताच्या कलेशी जखडून ठेवणारे पुनःप्रदाय मंडल होय. फ्रेंच अभियंते आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये रेडिओ ग्रहणाच्या संदर्भात ही कल्पना मांडली. कलाशोधक, छानक, विद्युत् दाबाने नियंत्रित होणारा दोलक आणि बहुधा एक भाजक हे त्याचे घटक.

मंडलाची नैसर्गिक कंप्रता म्हणजे दोलकाची कंप्रता नव्हे. नवखे नेमके इथेच फसतात. जुळलेल्या मंडलाला धक्का बसला, की कलेतील त्रुटी ज्या लयीने हेलकावे घेऊ पाहते, ती ही कंप्रता. कलाशोधकाच्या इशाऱ्यानुसार छानकात प्रवाह सोडणारा वा त्यातून ओढणारा चार्ज पंप वापरणाऱ्या मंडलात पंपाचा प्रवाह आणि दोलकाची संवेदनशीलता (हर्ट्झ प्रतिव्होल्ट) यांच्या गुणाकाराला भाजकांक व छानकातील धारित्राची धारिता यांच्या गुणाकाराने भागून वर्गमूळ काढले, की ती रेडियन प्रतिसेकंदात मिळते. समजा, एफएम पट्ट्यातील १०० मेगाहर्ट्झसाठी संदर्भ १०० किलोहर्ट्झ आहे, म्हणजे भाजकांक १,०००. प्रवाह १०० मायक्रोअँपिअर, संवेदनशीलता १० मेगाहर्ट्झ प्रतिव्होल्ट आणि धारित्र १०० नॅनोफॅरड घेतल्यास उत्तर येते सुमारे ३,१६० रेडियन प्रतिसेकंद, म्हणजे जेमतेम ५०० हर्ट्झ.

स्थैर्याची खरी मदार मात्र एका रोधकावर असते. कला हे कंप्रतेचे संकलन असल्याने दोलक मुळातच ९०° मागे राहतो. धारित्र आणखी ९०° मागे ओढतो. एकूण १८०° झाल्यावर त्रुटी विझण्याचे कारणच उरत नाही. धारित्राशी एकसरीत जोडलेला रोधक यातील काही अंश परत मिळवून देतो. वरील उदाहरणात सुमारे ४.५ किलोओहमच्या रोधकाने अवमंदन गुणांक ०.७ च्या आसपास येतो. हे मूल्य बहुतेकांना पसंत असते.

कागदावरचे हे द्वितीय कोटीचे समीकरण कधीच अस्थिर होत नाही, आणि म्हणूनच त्यावर विसंबणे धोक्याचे. दोलकाच्या नियंत्रक दाबावरील तरंग दाबण्यासाठी जोडलेला दुसरा धारित्र कलेची शिल्लक खातो. तो पहिल्याच्या दशांशाहून लहान ठेवतात. शिवाय कलाशोधक संदर्भाच्या प्रत्येक आवर्तनात एकदाच तुलना करतो. हा नमुनापरिणाम फ्लॉइड गार्डनर यांनी १९८० च्या निबंधात तपासला. मंडलाची पट्टारुंदी संदर्भ कंप्रतेच्या दशांशाखाली ठेवण्याचा प्रघात त्याच कारणाने आहे. भाजकांक वाढला, की नैसर्गिक कंप्रता आणि अवमंदन दोन्ही त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून दुर्लक्षणीय. भाजकांक अनेक पट बदलणार असेल, तर पंपाचा प्रवाहही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो.